बटण दाबले, पण आवाज गेला नाही

शिरगावातील आमच्या एका मित्राकडे जुना वायरलेस संच आहे. ते परवानाधारक हॅम आहेत. बापाचे पाहून त्यांच्या मुलीनेही सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळविला. गेल्या पावसाळ्यात तिने हातातल्या माईकचे बटण दाबून सोमाटणे फाट्यावरच्या दुसऱ्या हॅमला हाक दिली. उत्तर आले, "सिग्नल येतो, आवाज येत नाही." झाले! घरातली सारी मोठी माणसे पोरीवर तुटून पडली. "नीट धर, मोठ्याने बोल!" ओरडून तिचा घसा बसला, डोळे भरून आले. ओरडणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

मग कारकुनी डोके चालवले. हिशेब जुळेना, तर आम्ही सगळी वही फाडत नाही. चूक कोणत्या पानावर असेल ते आधी ठरवतो. इथेही तेच करावे.

अशा संचावर एका वेळी एकालाच बोलता येते. बटण दाबले की ऐकणे बंद होते आणि पाठवणे सुरू होते. माईकच्या गुंडाळीदार वायरीत बटणाची तार वेगळी आणि आवाजाची वेगळी असते. म्हणून आधी संचावरचा लाल दिवा पाहावा.

बटण दाबूनही दिवा लागत नसेल, तर दोष बटणात, त्याच्या तारेत किंवा प्लगमध्ये शोधावा. दिवा लागतो पण आवाज जात नाही, तर आवाजाची तार किंवा माईकची चकती तपासावी. बटण सोडूनही दिवा विझत नसेल, तर बटण अडकले आहे. संच ताबडतोब बंद करावा. नाहीतर त्या लहरीवर दुसऱ्या कोणालाच बोलता येत नाही.

आमच्याकडे दिवा लागत होता. संच बंद करून प्लग काढला. कारखान्यात काम करणाऱ्या शेजाऱ्याने मीटर आणला. एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरे माईकच्या आत. वायर हलवली की मीटरची पीं पीं तुटायची. वायर माईकमध्ये शिरते तिथेच, रोजच्या वाकण्याने, तार आत तुटली होती. वरचे आवरण मात्र शाबूत!

तारांचे रंग कागदावर लिहून घेतले. तुटका तुकडा कापून टोके पुन्हा सोल्डर केली. मावळातल्या दमट हवेने बटणाचे संपर्क काळे पडले होते, तेही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अँटेना काढून बटण दाबू नये. संचाचे आतले भाग जळू शकतात. दुसऱ्या कंपनीचा माईक प्लग बसतो म्हणून लावू नये. पिनांची जोडणी निराळी असू शकते.

मोबाईलच्या काळात ही खटपट कशाला, असे कोणी म्हणेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा बाहेर निरोप पोचवायला हॅम मंडळीच धावली होती. वीज जाऊन टॉवर बंद पडला, तर बॅटरीवरचा जुना संच आजही बोलतो. मात्र माईक धड हवा.

मुलीने पुन्हा बटण दाबले, नेहमीच्या हळू आवाजात बोलली. सोमाटण्याहून उत्तर आले, "स्वच्छ ऐकू येते." आम्ही तिची माफी मागितली. आवाज पोचत नसेल तर माणसाला ओरडायला लावण्याआधी वायर तपासावी.