झाझूची चोच का थिजली

असरानी २० ऑक्टोबर २०२५ रोजी गेले आणि 'शोले'तल्या जेलरची आठवण पुन्हा निघाली. त्यांच्या झाझूचीही निघायला हवी. २०१९च्या 'द लायन किंग'च्या हिंदी आवृत्तीत सिंहराजा मुफासाच्या दरबारातल्या या धनेश पक्ष्याला त्यांचा आवाज होता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, एका शब्दावरच्या दाबाने हशा पिकवणारा नट मिळूनही झाझू हसवत नाही. दोष आवाजाचा नाही, चित्राचा आहे.

झाझूचा विनोद हा प्रतिष्ठा चुरगळण्याचा विनोद आहे. तो राजाला गंभीरपणे सकाळची खबर देत असतो आणि त्याच वेळी मुफासा आपल्या छाव्याला, सिंबाला, झडप घालायला शिकवतो, तीही झाझूवरच. १९९४च्या चित्रपटात एलेन वुडबरी यांच्या देखरेखीखाली काढलेल्या निळ्या झाझूला भुवया होत्या, पंखांची टोकं बोटांसारखी वळत, चोच रागाने वाकडी होई. गादी बळकावलेल्या स्कारने त्याला हाडांच्या पिंजऱ्यात कोंडून गायला लावलं, तेव्हा रोवन अ‍ॅटकिन्सनचा आवाज आणि तो कोंबलेला देह एकजीव झाले होते. त्याच दशकातला 'अलादीन'मधला इयागोही असाच. १९९२ साली खलनायकाच्या खांद्यावर बसलेल्या या पोपटाच्या चोचीत चक्क दात होते. १९९४च्या पुढच्या भागात त्याने बाजू बदलली आणि मालिकेत तो नायकाचा कुरकुरा सोबती झाला. 'लायन किंग'चे १९९८ आणि २००४चे पुढचे भाग झाझूपुरते विसरण्याजोगे आहेत. 'द लायन गार्ड' ही साधी दूरचित्रवाणी मालिका, पण तिथेही रेषेतला झाझू निदान चिडताना दिसतो.

२०१९ साली दोन महिन्यांच्या अंतराने आलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नव्या आवृत्त्यांत दोन्ही पक्षी गप्प झाले. मे महिन्यात इयागो खऱ्या मकाव पोपटासारखा मोजकं बोलला. जुलैत झाझूचं पीस न् पीस खरं झालं, पण भुवया गेल्या आणि पिंजराही गेला. कुणी म्हणेल, सिंबाचे दोस्त टिमॉन-पुंबा त्याच चित्रपटात हसवतात. तेलुगूत तर अली आणि ब्रह्मानंदम यांनी त्यांना आवाज दिला. खरं आहे, पण ते दोघे आहेत, त्यांचा विनोद सवाल-जवाबात चालतो. झाझू एकटा, त्याच्याकडे फक्त स्वतःचा देह. तेलंगणातल्या आदिलाबादच्या मराठी घरांत हा चित्रपट हिंदीत किंवा तेलुगूत पोहोचला, मराठीत नाहीच. ज्याला संवाद परक्या भाषेत ऐकायचा, त्याच्यासाठी तर चेहराच अर्धा अनुवाद असतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: धनेश असाच दिसतो, मग खोटा चेहरा कशाला? पण आदिलाबादच्या सागवानी जंगलातला राखी धनेश पाहा. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर घशात उंबरं भरून आणतो, एकेक वर काढून फटीतून देतो, पुन्हा पळतो. झाझूच्या जातीच्या आफ्रिकी धनेशांतही मादी अशीच कोंडून घेते आणि नर पळत राहतो, फक्त तो एका वेळी एकच घास चोचीत आणतो. १९९४च्या रेषेने हीच तारांबळ पकडली होती. २०१९ने पिसं मोजली.