विश्लेषण : ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमवरून चाहते चाळीस वर्षांनंतरही का भांडतात? मुंबईचा त्याच्याशी संबंध काय?

हेवी मेटल ऐकणाऱ्या दोघांना मिरा रोड स्थानकात उभे करा आणि आयर्न मेडनच्या ‘पॉवरस्लेव्ह’चे नाव काढा. चर्चगेट लोकल येईल, भरेल, सुटेल. वाद मात्र तिथेच असेल. एक म्हणेल, या बँडने यापेक्षा चांगले काही केलेच नाही. दुसरा म्हणेल, चार गाणी अफाट आहेत, उरलेली चार भरतीची. ३ सप्टेंबर १९८४ रोजी आलेल्या या अल्बमबद्दलचा हा वाद जगभर सुरू आहे. मुंबई आणि उपनगरांतल्या चाहत्यांना मात्र त्यात जरा जास्तच बोलण्याचा अधिकार आहे. का, ते पुढे पाहू.

अल्बममध्ये आहे काय?

आठ गाणी, एकूण सुमारे ५१ मिनिटे. मिरा रोडला फास्ट लोकलमध्ये सुरू केला, तर चर्चगेट येण्याआधी संपतो. ध्वनिमुद्रण बहामाजमधील नासाऊ येथील कंपास पॉइंट स्टुडिओत झाले, निर्माते होते मार्टिन बर्च. ब्रूस डिकिन्सन (गायन), स्टीव्ह हॅरिस (बास), डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ (गिटार) व निको मॅकब्रेन (ड्रम्स) हे पाच जण आधीच्या ‘पीस ऑफ माइंड’मध्येही एकत्र होते. त्याआधी प्रत्येक अल्बमच्या वेळी या बँडमध्ये कोणी ना कोणी बदललेले असे. पहिल्यांदाच तेच पाच जण सलग दुसऱ्या अल्बमसाठी बसले, आणि वादनातला सरावलेपणा ऐकू येतो.

‘एसेस हाय’ हे १९४० च्या ब्रिटनवरील हवाई युद्धातल्या वैमानिकाचे गाणे. ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’चा विषय अण्वस्त्रे. अणुशास्त्रज्ञांच्या पत्रिकेने लावलेले ‘प्रलयाचे घड्याळ’ १९५३ मध्ये मध्यरात्रीला दोन मिनिटे कमी दाखवत होते. गाणे आले तेव्हा, १९८४ मध्ये, काटा तीन मिनिटांवर होता. जानेवारी २०२५ मध्ये तो ८९ सेकंदांवर आणला गेला. म्हणजे गाण्यातली भीती आता घड्याळाच्याही मागे पडली आहे. शीर्षकगीतात मरणाऱ्या फेरोची तक्रार आहे : आपण देव, मग आपल्याला मृत्यू का? आणि शेवटचे ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ म्हणजे कोलरिजच्या १७९८ च्या दीर्घकवितेवरचे पावणेचौदा मिनिटांचे गाणे. अल्बट्रॉस मारणाऱ्या खलाशाची ही गोष्ट इंग्रजी साहित्याच्या अनेक विद्यार्थ्यांना परीक्षेआधी या गाण्यातूनच नीट समजली असणार. २०१५ मध्ये ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ येईपर्यंत बँडचे हेच सर्वांत लांब गाणे होते.

मग भांडण कशावरून?

वर सांगितलेली चार गाणी मिळून साडेएकतीस मिनिटे होतात. त्यांच्यावर फारसा वाद नाही. वाद आहे उरलेल्या साडेएकोणीस मिनिटांवर. ‘लॉस्फर वर्ड्स’ हे केवळ वादन, तेही बँडचे आजवरचे शेवटचे. ‘फ्लॅश ऑफ द ब्लेड’ आणि ‘द ड्यूएलिस्ट्स’ ही दोन्ही तलवारबाजीची गाणी, आणि ती एकापाठोपाठ लावलेली. एक डिकिन्सनने लिहिले, जो स्वतः तलवारबाजी खेळायचा; दुसरे हॅरिसने, रिडली स्कॉटच्या १९७७ च्या चित्रपटावरून. ‘बॅक इन द व्हिलेज’ एका ब्रिटिश टीव्ही मालिकेवर बेतलेले.

टीकाकारांचा मुद्दा असा : एकाच विषयावरची दोन गाणी शेजारी ठेवणे म्हणजे सामग्री कमी पडल्याची कबुली. समर्थकांचे उत्तर : गिटारींची जुगलबंदी ऐका, शब्द राहू द्या. ‘द ड्यूएलिस्ट्स’च्या मधल्या वादनात मरे आणि स्मिथ खरोखरच दोन तलवारी भिडाव्यात तसे वाजवतात, आणि त्या बाबतीत समर्थकांचे पारडे जड आहे. मात्र तेच ‘लॉस्फर वर्ड्स’बद्दल म्हणवत नाही. ते ऐकायला छान आहे, पण वगळले तर अल्बमचे काही बिघडत नाही.

दुसरा वाद क्रमवारीचा. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ (१९८२) मोठा की हा, की ‘सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन’ (१९८८)? इथे बहुतेकदा वय बोलते. ज्याने जो आधी ऐकला, तो त्याचा.

‘घोड्याच्या टापा’ म्हणजे काय?

मेडनच्या चर्चेत हा शब्द सतत येतो. एका ठोक्याचे चार समान भाग करा. पहिला सूर दोन भाग घेतो, पुढचे दोन सूर एकेक भाग. टक-टकटक. हॅरिस हे बासवर बोटांनी वाजवतो आणि गिटारी त्याच लयीला धरून धावतात. आयर्न मेडन ओळखायला अनेकांना पहिले दहा सेकंद पुरतात, ते यामुळे.

मोबाइलवर ऐकतो तो खरा अल्बम का?

नव्या श्रोत्यांसाठी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. १९८४ च्या तबकडीच्या प्रत्येक बाजूवर सुमारे २५-२६ मिनिटे बसवली होती. बाजू लांबली की खाचा अरुंद कराव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. १९९८ च्या सीडीत नेमके उलटे झाले. आवाज वर चढवला गेला आणि हळू-मोठ्यातला फरक कमी झाला. ‘राइम’च्या मध्यावर सगळे थांबते, फक्त बास आणि जहाजाच्या लाकडाची करकर उरते. पुढचा स्फोट मोठा वाटावा म्हणूनच ती शांतता आहे. फरक दाबला की जुन्या चाहत्यांची तक्रार सुरू होते. स्ट्रीमिंगवर मिळते ती २०१५ ची पुनर्संस्कारित आवृत्ती. ती १९९८ पेक्षा बरी, असे मानणारे बरेच आहेत. पण जुनी कॅसेट झिजेपर्यंत ऐकलेल्यांचे समाधान तिनेही होत नाही.

मोबाइलचा एक फायदा मात्र आहे. डेरेक रिग्जने काढलेले मुखपृष्ठ बोटांनी मोठे करून पाहा. पिरॅमिडच्या भव्य दगडांवर त्याने बारीक अक्षरांत खोड्या कोरल्या आहेत. इंडियाना जोन्स इथे येऊन गेल्याची नोंद आहे, आणि मिकी माउसही सापडतो.

मुंबईला जास्तीचा अधिकार का?

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडनची मैफल झाली. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांवर उभारलेल्या ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जगदौऱ्याची ती पहिलीच मैफल होती. रंगमंचाची सजावट ‘पॉवरस्लेव्ह’च्या इजिप्तची. ‘एड फोर्स वन’ हे बोइंग ७५७ विमान बँड, कर्मचारी आणि सामान घेऊन मुंबईत उतरले. वैमानिक होता खुद्द डिकिन्सन.

त्या रात्री वाजलेल्या सोळा गाण्यांपैकी चार ‘पॉवरस्लेव्ह’मधली होती, तीच ती वादापलीकडची चार. ‘राइम’ तर बँडने सुमारे वीस वर्षांनी मंचावर काढले आणि ते सर्वप्रथम ऐकले मुंबईच्या प्रेक्षकांनी. पुढे २००९ मध्ये या दौऱ्यावरचा ‘फ्लाइट ६६६’ हा माहितीपट आणि लाइव्ह अल्बम आला. त्यात प्रत्येक गाणे वेगळ्या शहरातले आहे. सुरुवातीचे ‘एसेस हाय’ मुंबईचे. मागे ऐकू येणारा आरडाओरडा पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवरून आलेल्या पोरापोरींचा आहे.

त्याआधीच्या पिढीला हे नशीब नव्हते. धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’मध्ये स्थानिक बँडकडून मेडनची गाणी ऐकायची, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये कॅसेट चाळायच्या आणि मित्राकडून एखादी उतरवून घ्यायची, एवढेच हाती होते. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनातल्या मैफली बंद झाल्या, २०१६ मध्ये ऱ्हिदम हाउसही. मिरा-भाईंदरसारख्या उपनगरांतून तासाभराचा प्रवास करून जाणाऱ्यांसाठी ही दोन्ही ठिकाणे म्हणजे या संगीताची शाळाच होती.

आता पुन्हा चर्चा कशामुळे?

मे २०२५ मध्ये बुडापेस्टपासून बँडने पन्नाशीचा ‘रन फॉर युअर लाइव्ह्ज’ दौरा सुरू केला. त्यात हीच चार गाणी पुन्हा आली, ‘राइम’सह. उरलेली चार पुन्हा नाहीत, त्यामुळे टीकाकारांना नवा पुरावा मिळाला आहे. समर्थक म्हणतात, मंचावर वेळ मोजका असतो, त्यावरून गाण्याची किंमत ठरत नाही.

ड्रम्सवर मात्र आता सायमन डॉसन आहे. मॅकब्रेनला २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला होता; डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोत त्याने दौऱ्यांचा निरोप घेतला. ‘पॉवरस्लेव्ह’ वाजवणारे ते पाचही जण एकत्र मंचावर दिसण्याचे दिवस त्या रात्री संपले. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या शुक्रवारचे तिकीट ज्यांनी जपून ठेवले आहे, ते चाहते वादात ते सर्वांत शेवटी बाहेर काढतात.