उपग्रह आपला, घड्याळ परक्याचं

परवा रात्री गच्चीत उभं राहून फोनवर एक ॲप उघडलं. डोक्यावरच्या कोणकोणत्या उपग्रहांचे सिग्नल फोनला मिळताहेत, ते झेंड्यांसकट दाखवणारं. अमेरिका, रशिया, चीन, युरोप अशी लांबलचक रांग लागली. तिरंग्याच्या ओळी मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. ही आपली ‘नाविक’, इस्रोची दिशादर्शन यंत्रणा.

ती हवीच होती. जीपीएस अमेरिकी लष्कराच्या ताब्यातलं. मे २००० पर्यंत सामान्यांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली जायची, त्यामुळे ठिकाण शंभरेक मीटरनं हुकायचं. नळ दुसऱ्याच्या अंगणात असला की पाणी किती सोडायचं हे तोच ठरवणार.

२०१३ ते २०१६ या काळात इस्रोनं सात उपग्रह सोडले. उपग्रह आपले, अग्निबाण आपले; पोटातली घड्याळं मात्र स्वित्झर्लंडची. आणि इथे सगळा खेळ घड्याळाचाच आहे. उपग्रह फोनला इतकंच सांगत असतो, ‘मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत.’ संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून फोन अंतर काढतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं, तरी अंतर ३०० मीटरनं चुकतं. म्हणून काचेच्या छोट्या कुपीत रुबिडियमची वाफ ठेवतात आणि त्याच्या अणूंच्या, सेकंदाला सुमारे ६८३ कोटी, ठोक्यांवर वेळ बेततात.

प्रत्येक उपग्रहात अशी तीन घड्याळं. पहिल्याच उपग्रहातली तिन्ही बंद पडली. त्याच पुरवठादाराची घड्याळं युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांतही रुसली. राखीव म्हणून ठेवलेलीही मुख्य घड्याळाच्याच पेटीतली असतील, तर त्यांना राखीव म्हणायचं तरी कसं? ऑगस्ट २०१७ मध्ये बदली उपग्रह निघाला, तर त्याचं उष्णताकवचच सुटलं नाही. बिचारा आतच कोंडला. पुढचा एप्रिल २०१८ मध्ये नीट पोचला.

मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ या नव्या उपग्रहाबरोबर पहिलं भारतीय रुबिडियम घड्याळ आकाशात गेलं, अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये घडलेलं. परावलंबन घटलं, पण दुखणं गेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणातून एनव्हीएस-०२ गेला. त्याच्या इंजिनाला ऑक्सिडायझर पुरवणारी झडप उघडली नाही आणि तो ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही.

जुलै २०२५ मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं की, अकरापैकी चार उपग्रह ठिकाण सांगण्याचं काम करताहेत. ठिकाण काढायला किमान चारच लागतात: तीन जागेसाठी, चौथा फोनमधल्या स्वस्त घड्याळाची चूक दुरुस्त करायला. म्हणजे तेव्हाच शिल्लक शून्य होती.

असं अडणं फक्त आपल्याच वाट्याला येतं असं नाही. जुलै २०१९ मध्ये जमिनीवरच्या नियंत्रण केंद्रांतल्या बिघाडानं गॅलिलिओची सेवा जवळपास आठवडाभर बंद होती. युरोपातले फोन तेव्हा गुपचूप जीपीएसवर चालत राहिले. माझ्या फोनचंही तसंच. एक झेंडा गळला तर तो दुसरा धरेल. पण परक्याच्या नळावर विसंबायची ही चैन युद्धनौकेला परवडत नाही. तिचं काम अडणार ते त्या मोजक्या तिरंगी ओळींवरच.