तेलकट त्वचेची चिकित्सा : रूक्षणाची मर्यादा

चेहऱ्याच्या तेलकटपणाची तक्रार घेऊन येणारा तरुण रुग्णवर्ग प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. ‘चेहरा सारखा तेलकट होतो, सुकवणारे काहीतरी द्या’ हीच त्याची मागणी असते. आयुर्वेदीय औषधालयातही हीच मागणी रोज येते आणि मुलतानी माती, संत्र्याच्या सालीचे चूर्ण, कडुनिंबाचा साबण अशा वस्तूंनी ती तत्काळ पुरवली जाते. काही आठवड्यांनी तोच रुग्ण परत येतो तेव्हा त्याच्या गालांवर कोंडा दिसतो, त्वचा ओढल्यासारखी व लालसर झालेली असते, आणि कपाळ व नाक मात्र पूर्वीइतकेच तेलकट असते. आपल्या चिकित्सेची दिशाच येथे तपासून पाहणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते. तेलकट त्वचा सुकवायची नसते. तिचा अतिरिक्त स्नेह दूर करून मूळचा स्नेह राखायचा असतो. हे सूत्र आपल्या ग्रंथांत स्पष्टपणे आलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचे व्यवहारोपयोगी विवेचन करण्याचा विचार आहे.

स्निग्धता : दोष की सारता?

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात त्वक्‌सार पुरुषाचे वर्णन करताना त्याची त्वचा स्निग्ध, श्लक्ष्ण, मृदू व प्रसन्न असते असे म्हटले आहे. म्हणजे स्निग्धता हे आरोग्याचे व सारतेचे लक्षण ठरते. त्याच अध्यायात कफप्रकृतीच्या व्यक्तीचे अवयव स्निग्ध असतात, तर पित्तप्रकृतीच्या व्यक्तीस पिपलू, व्यंग, तीळ व पिडका अधिक होतात, असेही सांगितले आहे. त्वचेवरील स्नेह हा मज्जाधातूचा मल होय, असे चरक व वाग्भट दोघेही मानतात. मल योग्य प्रमाणात असेल तर तोही शरीराचे धारणच करतो. त्याची वृद्धी किंवा दुष्टी झाली म्हणजे मात्र व्याधी उत्पन्न होतो.

म्हणून रुग्णाची पहिली परीक्षा अशी करावी. त्वचा तुकतुकीत आहे, पण पिडका नाहीत, खाज नाही, मुखाचा वर्ण प्रसन्न आहे, तर तो प्रकृतीचा भाग समजावा. अशा व्यक्तीस औषधाची नव्हे, दिनचर्येच्या मार्गदर्शनाची गरज असते. तेलकटपणासोबत पिडका, काळे ठिपके, दाह किंवा कोंडा असेल, तरच विकृती मानून दोषविचार करावा.

संप्राप्ती

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानातील क्षुद्ररोगांच्या अध्यायात मुखदूषिकेचे वर्णन केले आहे. तरुणांच्या मुखावर येणाऱ्या या पिडका शाल्मलीच्या, म्हणजे सावरीच्या काट्यांसारख्या असून कफ, वात व रक्त यांच्या दुष्टीने होतात. कफाचा अवरोध, रक्ताची दुष्टी आणि वाताचे शोषण हे तिन्ही घटक येथे एकत्र नांदतात. रूक्षणाचा अतिरेक केल्यास कफ क्षणभर कमी झाल्यासारखा वाटतो, पण वात वाढतो. कपाळ तेलकट आणि गाल कोरडे अशी जी संमिश्र अवस्था आपण पाहतो, तिचा विचार याच दृष्टीने करता येतो.

आधुनिक शारीरक्रियाशास्त्र या विचाराला पूरक आहे. त्वचेतील तैलग्रंथी तळहात व तळपाय सोडून सर्व शरीरावर असतात. कपाळ, नाक, हनुवटी, छाती व पाठ येथे त्यांचे प्राचुर्य असते. यौवनात अँड्रोजन संप्रेरकांच्या प्रभावाने त्या मोठ्या होतात व त्यांचा स्राव वाढतो. चेहरा किती वेळा धुतला यावर हा स्राव अवलंबून नसतो. धुऊन काढलेले तेल काही तासांत पुन्हा येतेच. आरोग्यसंपन्न त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू सामान्यतः ४.५ ते ५.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. साध्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. दिवसातून पाच-सहा वेळा असा साबण लावल्याने ग्रंथींचा स्राव थांबत नाही. त्वचेचे संरक्षक आवरण तेवढे क्षीण होते. काळे ठिपके म्हणजे साठलेला मळ हाही गैरसमजच आहे. रोमकूपाच्या तोंडाशी साचलेला स्नेह व मृत पेशी हवेच्या संपर्काने आणि रंगद्रव्यामुळे काळ्या दिसतात. घासून ते निघत नाहीत, उलट त्वचा सोलवटते.

मुखलेपाचा विधी

लेप हे या विकारातील आपले प्रमुख बाह्य साधन असून त्याचा विधीच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचे दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे तीन प्रकार सांगितले असून लेपाची जाडी पाव, एक तृतीयांश व अर्धा अंगुळ अशी दिली आहे. वातकफात लेप उष्ण असावा, इतरत्र अतिशय शीत असावा, असा त्यांचा निर्देश आहे. यापुढचा भाग आमच्या विषयाचा गाभा होय. लेप ओला असेपर्यंतच मुखावर ठेवावा, कारण वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवतो; काढताना तो पुन्हा ओला करून काढावा; आणि नंतर अभ्यंग करावा. सुश्रुताचार्यांनीही लेप वाळेपर्यंत ठेवू नये असे सांगून, जेथे पीडन करावयाचे असेल तेवढाच अपवाद केला आहे.

आता बाजारातील लेपचूर्णांच्या वेष्टनांवरील सूचना पाहाव्यात. ‘पूर्ण वाळू द्यावे व नंतर चोळून काढावे’ असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. हे शास्त्राच्या नेमके उलट आहे. लेपाला भेगा पडेपर्यंत थांबणे आणि तो खरवडून काढणे यांमुळे त्वचेचा ओलावा ओढला जातो आणि पिडकांना इजा होऊन डाग मागे राहतात. आम्ही रुग्णांस असे सांगतो : लेप लावून दहा ते बारा मिनिटे शांत बसावे, कडा सुकू लागताच ओल्या हाताने तो भिजवावा, आणि कोमट पाण्याने न चोळता धुवावा. आठवड्यातून दोन वेळा लेप पुरेसा होतो. लेप असताना बोलणे, ऊन, अग्नीजवळ बसणे, दिवास्वाप, क्रोध व शोक टाळावेत. पीनस, अजीर्ण व रात्रीचे जागरण असता लेप लावू नये, असेही वाग्भटांनी सांगितले आहे. रात्री लेप लावण्याचा सुश्रुतांनी केलेला निषेधही ध्यानी ठेवावा.

लेपानंतरच्या अभ्यंगाने तेलकट त्वचेचा रुग्ण दचकतो. येथे तारतम्य आवश्यक आहे. हिवाळ्यात व कोरड्या हवेच्या प्रदेशात ओल्या तळहातावर दोन-तीन थेंब सौम्य तेल घेऊन ते गालांपुरते लावावे; कोकणासारख्या दमट हवेत त्याऐवजी कोरफडीचा ताजा गर पुरतो. शोषणानंतर स्नेहाची भरपाई हवी, हा मूळ हेतू यातून साधतो. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आपल्याकडे आधी तेल व मग उटणे लावतात, त्यामागेही हाच समतोल आहे. उद्वर्तन कफ व मेद कमी करते हे खरे. पण आपल्या परंपरेने ते अभ्यंगाच्या सोबतीने योजले आहे.

द्रव्यविचार

लोध्र, धने व वेखंड हा तारुण्यपिटिकांवरील लेप शार्ङ्गधराने दिला असून तो आजही निरपवाद उपयुक्त वाटतो. लोध्र स्तंभन व शोथहर आहे, धने शीत व सौम्य आहेत, वेखंड कफाचा अवरोध दूर करते. वेखंड तीक्ष्ण असल्याने आम्ही लोध्र व धने समभाग घेऊन वेखंड त्यांपैकी एकाच्या चतुर्थांश ठेवतो. पिडका लाल, उष्ण व वेदनायुक्त असतील तर वेखंड वगळून मंजिष्ठा, सारिवा, वाळा व रक्तचंदन यांची योजना करावी. अनुपान म्हणून साधे पाणी किंवा गुलाबजल घ्यावे. साय, दही किंवा मध यांची सरसकट शिफारस करू नये.

मुलतानी माती पृष्ठभागावरील तेल चांगले शोषते, परंतु ती एकटी वापरू नये; चंदन किंवा धन्याच्या चूर्णात तिचा भाग एक चतुर्थांशापेक्षा अधिक नसावा. लिंबाचा रस त्वचेवर थेट लावणे टाळावे : तो तीव्र आम्ल आहे आणि त्यानंतर उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. बावचीचे द्रव्य प्रकाशसंवेदी असल्याने मुखलेपात तिला स्थान देऊ नये. कुंकुमादी तेलाचा मुख्य अधिकार व्यंग, नीलिका यांसारख्या वर्णविकारांत आहे. तिळतेलावर सिद्ध केलेले हे औषध पिकलेल्या पिडकांवर रात्रभर चोपडणे योग्य नव्हे.

चूर्ण वस्त्रगाळ असावे. जाडसर चूर्णाने घासणे म्हणजे पिडका फोडून संसर्ग पसरवणे होय. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, हे शार्ङ्गधराचे वचन लेपचूर्णांसही लागू समजून लहान मात्रेत ताजे चूर्ण करावे. नवीन लेप प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावे, आणि मगच मुखावर योजावा.

दिनचर्या व आहार

सकाळी व रात्री असे दोनदाच, कोमट पाण्याने व सौम्य, फेस कमी असलेल्या क्षालनद्रव्याने मुख धुवावे. मधल्या वेळेत स्वच्छ सुती रुमालाने टिपून घ्यावे. केसांना लावलेले खोबरेल कपाळावर उतरून तेथे बारीक पिडका येतात, हे आपल्याकडे वारंवार दिसते. अशा रुग्णांनी न्हाण्यापूर्वी तासभरच तेल लावावे, रात्रभर ठेवू नये, आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. पिडका फोडण्याची सवय निक्षून बंद करावी.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात रक्तदुष्टीच्या हेतूंमध्ये अतिउष्ण, तीक्ष्ण, अम्ल व लवण पदार्थ, तसेच द्रव, स्निग्ध, गुरू आहार घेऊन दिवसा झोपणे यांचा समावेश केला आहे. मैदा व साखर यांचा अतिरेक आणि रात्रीची जागरणे ही आजच्या तरुणांतील हेतूंची ओळखीची रूपे होत. एकेक हेतू तीन आठवडे बंद करून फरक पाहावा. सर्वच पदार्थ एकदम बंद केल्यास रुग्ण पथ्यच सोडतो.

आभ्यंतर चिकित्सा

अग्नी व कोष्ठ यांची परीक्षा करून त्रिफळा, सारिवाद्यासव, महामंजिष्ठादी काढा किंवा खदिरारिष्ट यांची निवड करावी. मुखदूषिकेत सुश्रुतांनी वमन सांगितले आहे. कफप्रधान, बलवान रुग्णास वसंतात वमन, पित्तरक्तप्रधान रुग्णास शरदात विरेचन किंवा जलौकावचारण हा मार्ग अनुभवी वैद्यांनी अवलंबावा. आरोग्यवर्धिनीत पारद, गंधक व ताम्र आहे. दुकानातून महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेण्याचे ते औषध नव्हे, याची जाणीव औषधविक्रेत्यांनीच रुग्णांस करून द्यावी.

औषधविक्रेत्यांची जबाबदारी

तेलकट त्वचा व पिडका यांवर ‘गोरेपणाची’ म्हणून मिळणारी स्टेरॉइडयुक्त मलमे लावून आलेले रुग्ण आपण सर्वच पाहतो. आरंभी दाह शमतो, चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस वाढतात व पिडका दुणावतात. मलम थांबवताच दाह उसळतो, म्हणून रुग्ण ते सोडू शकत नाही. केंद्र शासनाने मार्च २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉइड औषधे अनुसूची ‘एच’ च्या कक्षेत आणली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. अशा रुग्णास लेप देण्याची घाई करू नये. सर्व तीक्ष्ण द्रव्ये थांबवून त्वचारोगतज्ज्ञाच्या सहकार्यानेच पुढे जावे.

दुसरी बाब कायद्याची. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये वैद्यास स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करण्याची मुभा आहे. विक्रीसाठी लेपचूर्ण अथवा उटणे तयार करून त्यावर दुकानाचे नाव घालावयाचे असल्यास मात्र उत्पादनाचा परवाना लागतो. आयुर्वेदीय औषधाच्या विक्रीस परवाना लागत नाही, म्हणून ते बनवण्यासही लागत नाही, असा समज करून घेऊ नये. वेष्टनावर घटक, निर्मितीची तारीख व वापरण्याची रीत स्पष्ट असावी, आणि त्या रीतीत ‘वाळू देऊ नये’ हे दोन शब्दांत तरी यावे.

केव्हा पाठवावे?

स्त्री रुग्णात पाळीची अनियमितता, हनुवटीवर केस व वजनवाढ यांसह तेलकटपणा असेल, तर पीसीओएसची तपासणी करवून घ्यावी. खोल, गाठीसारख्या पिडका व व्रणवस्तू राहण्याची प्रवृत्ती असल्यास विलंब करू नये. एकदा पडलेले खड्डे सहजी भरत नाहीत. रुग्ण आयसोट्रेटिनॉइन घेत असेल किंवा रेटिनॉइड मलम लावत असेल, तर त्याची त्वचा आधीच शुष्क असते. तिच्यावर शोषक लेप लावू नये. आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भाला गंभीर व्यंग होऊ शकते, म्हणून तरुण स्त्रियांना या औषधाविषयी आवर्जून विचारावे.

उपसंहार

तेलकट त्वचा हा बहुधा यौवनाचा धर्म असतो व वयपरत्वे तो सौम्य होतो. तोवर त्वचेचे नुकसान होऊ न देणे, हे या चिकित्सेचे अर्धे यश होय. रुग्ण ‘सुकवणारे’ मागत असतो. त्याला काय द्यावे हे आपल्याला शास्त्राने सांगून ठेवले आहे. वैद्यांनी ते चिठ्ठीवर लिहावे आणि औषधालयांनी ते वेष्टनावर छापावे, एवढीच आमची विनंती आहे.