चेटकीण हवीच

मुलांसाठी, तिकीट लावून, मोठ्यांच्या नाटकाइतक्या गांभीर्याने युरोपातली परीकथा मराठी रंगमंचावर उभी राहिली ती १९५९ साली. अमेरिकेत बालनाट्याचा अभ्यास करून आलेल्या सुधा करमरकर यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने ‘बालरंगभूमी – लिट्ल थिएटर’ सुरू केलं आणि पहिलं नाटक केलं ‘मधुमंजिरी’. लेखक होते रत्नाकर मतकरी, तेव्हा जेमतेम विशीतले. तोवर मुलांचं नाटक म्हणजे बहुधा स्नेहसंमेलनातलं. मुलांनी करायचं, पालकांनी कौतुकाने बघायचं आणि शेवटी काहीतरी बोध घेऊन घरी जायचं. करमरकरांनी ही मांडणीच उलटी केली. कसलेल्या नटांनी करायचं आणि खुर्चीवर बसून बघायचं ते मुलांनी.

‘मधुमंजिरी’चं मूळ ‘रॅपन्झेल’. दारं नसलेल्या मनोऱ्यात चेटकिणीने कोंडलेली मुलगी, तिचे लांबसडक केस आणि त्या केसांना धरून वर चढणारा राजपुत्र. आपण ही कथा ग्रिम बंधूंची म्हणतो, पण त्यांच्या १८१२च्या संग्रहाआधी ती युरोपभर हिंडून आली होती. इटलीच्या बासिलेने ती १६३४च्या सुमारास सांगितली, फ्रान्समधल्या मादमोआझेल द ला फोर्सने १६९८मध्ये. ग्रिमांनीही तिला पुन्हा पुन्हा हात लावला. पहिल्या आवृत्तीत रॅपन्झेल चेटकिणीला भाबडेपणाने विचारते की माझे कपडे अलीकडे घट्ट का होतात, आणि तिला दिवस गेल्याचं उघड होतं. पुढच्या आवृत्त्यांत हा प्रश्न गाळला गेला. ‘हिमगौरी’तली दुष्ट सख्खी आई १८१९च्या आवृत्तीत सावत्र झाली. म्हणजे लहानांसाठी कथा बदलण्याचं काम मराठी नाटककारांच्या कितीतरी आधी खुद्द ग्रिमांनीच सुरू केलं होतं. ‘मूळ कथेशी इमान’ हा आग्रह परीकथेच्या बाबतीत मला म्हणूनच पोकळ वाटतो. बदल करावेतच. प्रश्न इतकाच, की बदलताना काय राखायचं?

माझ्या मते भीती राखायची. ‘मधुमंजिरी’तली चेटकीण स्वतः सुधाताईंनी केली, ही मला या सगळ्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते. दिग्दर्शिकेने आपल्याकडे राजकन्या न ठेवता चेटकीण घेतली. या कथेचा भार त्या पात्रावर असतो, हे तिने ओळखलं होतं. रंगमंचावर राजपुत्र शोभतो, राजकन्या रडते, पण नाटक पुढे नेते ती चेटकीण. ती विंगेतून आली की पुढच्या रांगेतलं मूल आईचा हात घट्ट धरतं, आणि जरा वेळाने तेच मूल उठून उभं राहतं आणि राजपुत्राला ओरडून सांगतं की ती तुझ्या मागे आहे! पुस्तक वाचताना किंवा पडद्यावर चित्रपट बघताना मुलाच्या ओरडण्याने काही बदलत नाही. नाटकात नट त्या आवाजाला उत्तर देतो. आपण बोललो म्हणून राजपुत्र वाचला, असं त्या मुलाला खरोखर वाटतं.

मतकरींनी हे तंत्र पुरतं आत्मसात केलं. १९६२मध्ये त्यांनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली आणि परक्या कथेचा आधार सोडून स्वतःचे राक्षस, स्वतःच्या चेटकिणी घडवल्या. ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आलं, ‘अलबत्या गलबत्या’ आलं. ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. २०१८मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनात नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगले चिंची झाले आणि नाट्यगृहं भरू लागली. हिरव्या नाकाची जर्मन म्हातारी इथे कोणालाच नको होती. चिंची आपल्या भाषेत फणकारते, नाक मुरडते, स्वतःच्याच कौतुकात रमते. मुलं तिला घाबरतात आणि तिच्यावर प्रेमही करतात.

‘सिंड्रेला’ही लिट्ल थिएटरने मंचावर आणली. ती रुळायला मराठी मुलांना वेळ लागायचं कारण नव्हतं. सावत्रपणाचा जाच आपल्याला आवडती-नावडतीच्या कहाण्यांतून ठाऊक आहे, आणि भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी तर प्रत्येक घरात आहे. काचेचा बूट आणि भोपळ्याची बग्गी ही फ्रेंच लेखक पेरोची, १६९७ची. ग्रिमांच्या कथेत आईच्या थडग्यावरचं झाड आणि त्यावरची पाखरं मुलीला मदत करतात. नाटक करणाऱ्याने ही दुसरी वाट एकदा तरी धरून बघावी. बग्गीचा ट्रिकसीन लागत नाही, खर्च कमी, आणि आईची आठवण कथेच्या मधोमध येते.

परीकथेला विरोधही युरोपातूनच आला. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरने राजे-राण्या बाजूला सारून मुलांच्या घरातले, शाळेतले, रस्त्यावरचे प्रश्न मांडले. पुण्यात मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने ही चळवळ आली आणि १९८६मध्ये ‘छान छोटे वाईट मोठे’ झालं. मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि मुलाची बाजू न लाजता घेतात, हे ग्रिप्सचं मोठं देणं. पण म्हणून मनोरा जुना झाला असं मी मानत नाही. कोंडलेलं मूल हा प्रश्न खराच आहे. परीकथा त्याला केसांची दोरी देते, ग्रिप्स सरळ दार वाजवायला सांगतं.

खरी चिंता मला वेगळीच आहे. आज परीकथेच्या नावाने जे अनेकदा मंचावर येतं, त्यात कार्टूनमधला पोशाख असतो, रेकॉर्ड केलेली गाणी असतात, पण कथा नसते. चेटकीण नुसती विनोदी होते, कोणी घाबरत नाही, आणि कोणी घाबरलंच नाही तर सुटका कसली?

पुणे जिल्ह्याच्या मावळातल्या परंदवडीसारख्या गावातल्या मुलांपर्यंत तर हेही क्वचित पोचतं. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह गाठायचं तर सोमाटणे फाट्यावर येऊन जुना मुंबई-पुणे रस्ता धरायचा, चौघांची तिकिटं काढायची, आणि तेही सुट्टीत प्रयोग लागला तर. तळेगावात ‘कलापिनी’सारखी संस्था मुलांबरोबर काम करते हा दिलासा आहे. पण मतकरींनी ठाण्यातल्या वस्त्यांतल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला तेव्हा मुलांनी नाट्यगृहात येण्याची वाट पाहिली नाही. त्यांच्या जगण्यातल्याच गोष्टी त्यांच्याकडून करवून घेतल्या.

मावळातल्या शिक्षकांना आणि पालकांना म्हणूनच एक विनंती. यंदाच्या स्नेहसंमेलनात चित्रपटगीतांच्या नाचांतला एक तास काढा आणि त्या तासात एक सलग परीकथा करा. मनोऱ्यासाठी दोन बाकं एकावर एक बांधली तरी चालतील, वेणीसाठी जुनी साडी पुरेल. चेटकिणीचं काम मात्र वर्गातल्या सगळ्यांत दमदार आवाजाच्या मुलीला द्या, आणि तिला खरोखर घाबरवू द्या.