घरांतील उंदरांचा बंदोबस्त

धान्य खाणें व कपडे कुरतडणें एवढाच उंदराचा अपराध असता, तर त्याविषयीं येथें लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनीं प्लेगचे रोगी ओळखले, आणि पुढें ह्या प्रांतांतील कित्येक घरें ओस पडलीं. घरांत उंदीर मरून पडूं लागले, कीं लोक गांव सोडून रानांत झोपड्या बांधून राहात. ह्यांतील मर्म १८९८ सालीं कराची येथें पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्यानें दाखविलें. उंदीर मेला म्हणजे त्याच्या अंगावरील पिसवा थंड पडलेलें प्रेत सोडतात व माणसांस चावतात. त्या दंशानें रोग पसरतो.

आज प्लेग क्वचितच आढळतो. तथापि लेप्टोस्पायरोसिस हा ज्वर उंदराच्या मूत्रावाटे सांचलेल्या पाण्यांत उतरतो व पायाच्या जखमेंतून शरीरांत शिरतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत ह्या रोगाची मोठी साथ आली होती.

उंदीर दिसतांच बहुतेक लोक प्रथम विष आणतात. ही रीत उलटी होय. उंदराची मादी सुमारें तीन आठवड्यांत विते. एका वेतांत बहुधा सहा-आठ पिलें होतात, व तीं तीन महिन्यांच्या सुमारास स्वतः विण्याजोगीं होतात. अन्न व आसरा कायम राहिल्यास मारलेल्यांची जागा लवकरच भरून निघते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

पहिली गोष्ट अन्नाची. धान्य घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावें. खरकटीं भांडीं रात्रभर मोरींत पडूं देऊं नयेत. कोंबड्यांचे उरलेले दाणे सायंकाळींच उचलावे.

दुसरी गोष्ट वाटेची. मोठ्या उंदरास रुपयाच्या नाण्याएवढें भोंक पुरतें. लहानास त्याहूनही बारीक फट चालते. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढतात, व तो सतत कुरतडून ते झिजवितो. म्हणून चिंधी किंवा लांकूड कोंबून उपयोग नाहीं. बिळांत कांचेचे तुकडे घालून वर सिमेंट भरावें. मोरीच्या तोंडास लोखंडी जाळी बसवावी, व कौलांस टेंकणाऱ्या झाडाच्या फांद्या तोडाव्या.

तिसरी गोष्ट सांपळ्याची. उंदीर नव्या वस्तूस बिचकतो व भिंतीच्या कडेनें चालतो. तेव्हां सांपळा भिंतीलगत ठेवून दोन-तीन रात्रीं त्यांत भजें किंवा सुकट नुसतीच घालावी. उंदीर खाऊं लागल्यावर मग तो लावावा. मेलेला उंदीर उघड्या हातांनीं उचलूं नये. लेंड्या कोरड्या झाडूं नयेत. जंतुनाशक पाण्यानें भिजवून पुसाव्या.

विष हा शेवटचा उपाय. झिंक फॉस्फाईडपासून पोटांत विषारी वायु निघतो, व तो मुलांस आणि मांजरांसही तसाच घातक आहे. म्हणून तें वडील माणसांनींच हाताळावें; स्वयंपाकघरांत तर कधींच ठेवूं नये. चिचुंद्रीस मात्र उंदीर समजून मारूं नये. ती बहुधा किडे खाते.

शेवटीं एक विनंती. उंदीर शेजाऱ्याची भिंत ओळखीत नाहीं. एका घरानें बिळें बुजविलीं, तर तो पलीकडच्या घरांत राहावयास जातो. ह्यास्तव चाळींतील किंवा आळींतील सर्व घरांनीं हें काम एकाच आठवड्यांत करावें. विद्यार्थ्यांनो, येत्या रविवारीं आईबापांसह घराभोंवतीं एक फेरी घाला, दिसेल तें प्रत्येक भोंक कागदावर टिपा, आणि पावसाळ्यापूर्वीं तीं सर्व बुजवा.