तंतूंची दिशा आणि प्लास्टिकचे बळ

वऱ्हाडातील विद्यार्थ्यास कापसाची ओळख करून द्यावी लागत नाही. अकोला-अमरावतीच्या जिनिंगमधील सरकी काढलेली रुई मुठीत घेऊन ओढली, तर सहज तुटते. कारण तिचे तंतू अस्ताव्यस्त असतात. तीच रुई पिंजून, पेळू करून, ताण देत कातली की तंतू एका दिशेला येतात, त्यांना पीळ बसतो आणि सूत बळकट होते. प्लास्टिकच्या एका मिश्रणात दिशेचे हेच महत्त्व दिसते. इतिहासाच्या अध्यापकाने या विषयाकडे वळण्याचे धाडस त्या साम्यामुळेच केले आहे.

प्लास्टिक म्हणजे बहुवारिक, अर्थात लहान रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्या. सामान्य बहुवारिक वितळले की या साखळ्या एकमेकींत गुंततात. म्हणून त्याचा रस दाट असतो. काही बहुवारिकांच्या साखळ्या मात्र काडीसारख्या ताठ असून द्रवरूपातही समांतर राहतात. वाहतेपणा आणि स्फटिकाची शिस्त एकत्र नांदणाऱ्या या अवस्थेस द्रवस्फटिक म्हणतात. ती १८८८ मध्ये फ्रीडरिख रायनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञास कोलेस्टेरॉलच्या एका संयुगात आढळली. १९६५ मध्ये अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक यांनी ताठ साखळ्यांच्या द्रावणातून तंतू काढला; गोळीरोधक जाकिटांतील केवलार त्याच संशोधनातून आले.

द्रवस्फटिकी बहुवारिके महाग असतात. म्हणून ती नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन अशा नेहमीच्या प्लास्टिकात अल्प प्रमाणात मिसळतात. दोन्ही द्रव्ये एकजीव होत नाहीत. द्रवस्फटिकाचे सूक्ष्म थेंब रसात विखुरलेले राहतात. रस अरुंद छिद्रातून जाताना ताणला गेला की थेंबही लांबतात, त्यांचे तंतू होतात आणि थंड होताच तसेच गोठतात. बाहेरून काचतंतू न घालता आतूनच बळकटी लाभते. शिवाय रसाची श्यानता घटल्याने साचा भरणेही सुलभ होते.

परंतु साच्याच्या भिंतीलगत तंतू बनतात, तर मध्यभागी बहुधा थेंबच उरतात. तंतूंच्या दिशेने वस्तू मजबूत, आडवी मात्र दुबळी ठरते. प्लास्टिकची सुतळी ओढून तुटत नाही, पण उभी सहज चिरते, तसेच हे. दोन द्रव्यांच्या सीमेवरील पकडही कमकुवत असते. ती वाढविण्यासाठी दोहोंना जोडणारे तिसरे द्रव्य घालावे लागते.

बहुवारिकांचा प्रवाह हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या संशोधनाचा प्रमुख विषय. मुंबईत महापालिकेच्या शाळेत, रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास केलेला हा विद्यार्थी १९८९ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक झाला. विद्यार्थी मित्रहो, घरच्या कापसाचा एक पेळू हलकेच ताणून पाहा. तंतू एका दिशेला येताना दिसले, तर या विज्ञानाचा पहिला धडा तुम्ही आपल्या हातांनीच गिरवला असे समजा.